घरच्या घरी शिकणे : आधी अंदाज, मग पडताळा

पहिली ते तिसरीच्या मुलांकडून घरी काय करून घ्यावे, असे पालक विचारतात तेव्हा त्यांना बहुधा कृतींची यादी हवी असते. अशी यादी उपयोगी पडते. परंतु एकच कृती एका घरात मुलाला विचार करायला लावते आणि दुसऱ्या घरात नुसता वेळ घालवते, असेही दिसते. हा फरक साहित्यामुळे पडत नाही. मुलाने आधी स्वतःचा अंदाज बोलून दाखवला का, मग तो स्वतःच्या हाताने तपासून पाहिला का, आणि मोठ्या माणसाने तोवर उत्तर राखून ठेवले का, यावर तो अवलंबून असतो. पुढे दिलेल्या सर्व कृती याच क्रमाने घ्याव्यात : आधी अंदाज, मग पडताळा, आणि शेवटी ‘तुला हे कसे कळले?’ हा प्रश्न.

हा प्रश्न उत्तर चुकल्यावरच विचारला, तर मूल तो ऐकताच ओळखते की आपले काहीतरी चुकले आहे, आणि विचार न करता उत्तर बदलते. म्हणून उत्तर बरोबर असतानाही तो तितक्याच सहजपणे विचारावा. प्रश्न विचारल्यावर थांबणेही तितकेच महत्त्वाचे आहे. अमेरिकी संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गातील प्रश्नोत्तरांचा अभ्यास केला, तेव्हा शिक्षक प्रश्न विचारून सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात आणि लगेच पुढे बोलू लागतात, असे आढळले. हा अवधी तीन सेकंदांपर्यंत वाढवल्यावर मुलांची उत्तरे लांबली, अधिक विचारपूर्वक झाली आणि एरवी गप्प राहणारी मुलेही बोलू लागली. घरी तर एकच मूल समोर असते. तेथे तीनच काय, दहा सेकंद थांबायलाही हरकत नाही. त्या शांततेत आपल्याला अवघडल्यासारखे होते, पण मूल त्या वेळी कामात असते.

वेळेबाबत एवढेच पुरे की रोज पंधरा ते वीस मिनिटे, शक्यतो एकाच वेळी आणि भूक व झोप यांच्या वेळा टाळून, ही सवय आठवड्यातून एकदा दोन तास बसण्यापेक्षा जास्त फळ देते. एका दिवशी एकच कृती घ्यावी आणि मूल रंगलेले असतानाच ती थांबवावी, म्हणजे दुसऱ्या दिवशी ते आपणहून विचारते.

अक्षरे, आवाज आणि वाचन

वाचनाची तयारी कानापासून सुरू होते. कागद-पेन्सिल न घेता, चालता-बोलता खेळता येणारे आवाजांचे खेळ या वयात फार मोलाचे आहेत. ‘कमळ’मधला ‘क’ काढला तर काय उरेल? ‘सागर’मधला शेवटचा ‘र’ काढला तर? शेवटच्या अक्षरावरून पुढचा शब्द सांगण्याच्या भेंड्याही याच कामाच्या. शब्द म्हणजे सुटे करता येतील, काढता-जोडता येतील असे आवाज आहेत, ही जाण ज्या मुलाला आली, त्याला छापलेला शब्द फोडून वाचणे सोपे जाते.

त्यानंतर शब्दसाखळी घ्यावी. जाड कागदाच्या लहान पट्ट्यांवर अक्षरे आणि स्वरचिन्हे वेगवेगळी लिहून घ्यावीत. ‘वर’ हा शब्द मांडावा आणि मुलाला विचारावे, ‘येथे एकच काना ठेवून याचा वार करता येईल का?’ मग वारचा वारा, वाराचे वारे, वारेचे सारे, सारेचे सारी, असा एका वेळी एकच बदल करत पुढे जावे. पट्टी ठेवण्याआधी नवा शब्द काय होईल ते मुलाने सांगावे, मग ठेवून वाचावे. बाराखडी पाठ म्हणणाऱ्या अनेक मुलांना ‘सारे’ हा शब्द समोर आल्यावर अडखळायला होते, कारण त्यांनी बाराखडी चालीत ऐकलेली असते आणि मधलेच एखादे रूप वेगळे काढून ओळखण्याची त्यांना सवय नसते. पट्ट्यांचा खेळ ती सवय लावतो.

आपल्या लिपीतील काही जागा मुलांना हमखास अडवतात, आणि त्या पालकांना आधी ठाऊक असल्या तर रागावण्याची वेळ कमी येते. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहिली जाते, पण तिचा आवाज अक्षरानंतर येतो. त्यामुळे ‘किती’ लिहिताना मूल आधी ‘क’ काढते आणि मग वेलांटीसाठी जागा शोधत बसते. रफाराचे नेमके उलट आहे : ‘पर्वत’ म्हणताना ‘र’ हा ‘व’च्या आधी ऐकू येतो आणि लिहिताना तो ‘व’च्या डोक्यावर चढतो. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य, ब आणि व या जोड्यांमधील फरक एका लहानशा गाठीचा, फटीचा किंवा तिरप्या रेघेचा असतो. अशी जोडी एकाच दिवशी शिकवू नये. आधी एक अक्षर पक्के होऊ द्यावे, मग दुसरे आणावे, आणि नंतर दोन्ही शेजारी ठेवून ‘यांच्यात वेगळे काय आहे ते बोट ठेवून दाखव’ असे सांगावे. फरक मुलाने स्वतः शोधला की तो लक्षात राहतो.

मोठ्याने वाचून दाखवणे मूल स्वतः वाचू लागल्यावरही थांबवू नये. स्वतःच्या बळावर ते ज्या पातळीचे वाचू शकते, त्याहून बरीच वरची गोष्ट ते ऐकून समजू शकते, आणि त्याचा शब्दसंग्रह मुख्यतः या ऐकण्यातून वाढतो. वाचताना कलाटणीच्या जागी थांबावे आणि विचारावे, ‘आता काय होईल असे तुला वाटते? कशावरून?’ मुलाचा अंदाज चुकला तरी गोष्टच त्याला ते सांगते. आपण सांगण्याची गरज पडत नाही. प्रत्येक पानावर थांबू नये, कारण गोष्टीचा ओघ तुटला की रस जातो. एका गोष्टीत दोन-तीन जागा पुरतात. तेच पुस्तक पुन्हा पुन्हा वाचण्याचा हट्ट मुलाने धरला तर तो आनंदाने पुरवावा. दुसऱ्या-तिसऱ्या वाचनात मुलाचे लक्ष कथानकावरून शब्दांकडे आणि वाक्यांच्या घडणीकडे वळते.

मुलाने स्वतः वाचायचे पुस्तक निवडताना एक साधी कसोटी वापरता येते. मधले एखादे पान उघडून मुलाला वाचू द्यावे आणि न आलेल्या प्रत्येक शब्दाला त्याने एक बोट मिटावे. पाचही बोटे मिटली तर ते पुस्तक सध्या आपण वाचून दाखवण्याचे आहे. वाचताना मूल अडखळले की लगेच शब्द पुरवू नये. थोडे थांबावे, मग ‘पहिले अक्षर वाच’, ‘चित्रात काय दिसते’, ‘वाक्यात येथे काय बसेल’ असे एखादे टोक हाती द्यावे. तरीही जमले नाही तर शब्द सांगून पुढे जावे. एका शब्दापायी सगळे वाक्य हरवू देऊ नये.

लेखनासाठी खरे निमित्त शोधावे. घरातील वस्तूंना नावाच्या चिठ्ठ्या लावणे, आणायच्या सामानाची यादी, दूर राहणाऱ्या आजीला चार ओळींचे पत्र, स्वतःच्या खोक्यावर ‘हात लावू नये’ अशी पाटी, या सर्वांत मुलाला आपले लिहिणे कोणीतरी वाचणार आहे हे ठाऊक असते. या वयात ऱ्हस्व-दीर्घाच्या प्रत्येक चुकीवर लाल खूण करू नये. मुलाने ‘पाणि’ लिहिले तर त्याने आवाज ओळखला, अक्षर निवडले आणि योग्य क्रमाने मांडले. तीन कामे झाली आणि एक बाकी आहे. लेखनाचा हेतू पुरा झाल्यावर एखादाच शब्द घेऊन त्याचे छापील रूप पुस्तकात शोधायला सांगावे. हात दुखतो अशी तक्रार वारंवार येत असेल, तर आणखी लेखन देण्याऐवजी कणीक किंवा माती मळणे, कात्रीने रेघेवरून कापणे, दोऱ्यात मणी ओवणे, कपड्यांचे चिमटे लावणे अशी बोटांना बळ देणारी कामे काही आठवडे द्यावीत.

संख्या हाताने शिकाव्यात

गणितात घरचे साहित्य म्हणून वाटाण्याएवढे खडे किंवा बटणे, शंभरेक काड्या, रबरबँड आणि दोन फासे एवढेच लागते. घरात तान्हे किंवा रांगते मूल असेल, तर बारीक वस्तू त्याच्या हाती लागणार नाहीत याची खबरदारी घ्यावी.

पहिली कृती झाकलेल्या खड्यांची. दहा खडे मोजून मांडावेत, मुलाने डोळे मिटावेत, आपण काही खडे वाटीखाली झाकावेत. डोळे उघडल्यावर मुलाने बाहेरचे खडे पाहून वाटीखाली किती असतील ते सांगावे आणि मग वाटी उचलून पाहावे. दहाच्या जोड्या, म्हणजे सहा-चार, सात-तीन, आठ-दोन, या खेळात पाठ न करता अंगवळणी पडतात, आणि पुढे हातच्याच्या बेरजा याच जोड्यांवर उभ्या राहतात. दहा अवघड वाटत असेल तर पाच खड्यांपासून सुरुवात करावी.

दोन फास्यांच्या खेळात मूल बेरीज कशी करते ते नीट पाहावे. चार आणि तीन पडल्यावर काही मुले सर्व ठिपके एकपासून मोजतात. काही चार धरून ‘पाच, सहा, सात’ असे पुढे मोजतात. काही पाहताक्षणी सात म्हणतात. हे तीन वेगवेगळे टप्पे आहेत. पहिल्या टप्प्यावरील मुलासाठी एका फाशावरचे ठिपके हाताने झाकावेत आणि विचारावे, ‘येथे चार आहेत हे तुला माहीत आहे, आता पुढे मोजता येईल का?’ तिसऱ्या टप्प्याकडे मूल सरावाने आपोआप येते, त्यासाठी घाई करू नये.

मराठीतील संख्यानामे हा स्वतंत्र अडथळा आहे. पंचवीस म्हणताना पाच आधी उच्चारला जातो आणि लिहिताना दोन आधी येतो, म्हणून ऐकून लिहिणारे मूल ५२ लिहिते. एकोणसाठ म्हटल्यावर ‘साठ’ कानावर पडतो आणि मूल ६९ लिहून मोकळे होते. अशा वेळी दहा-दहा काड्यांचे गठ्ठे बांधून ठेवावेत आणि दोन्ही संख्या मांडायला सांगाव्यात : २५ म्हणजे दोन गठ्ठे आणि पाच सुट्या, ५२ म्हणजे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या. ‘यातले कोणते जास्त?’ हा प्रश्न काड्या मांडण्याआधी विचारावा. एकोणसाठसाठी आधी सहा गठ्ठे मांडून त्यातील एक काडी काढून घ्यावी, आणि उरले ते मोजावे. ‘साठला एक कमी’ हा नावातील अर्थ मुलाला समोर दिसतो. काही दिवस संख्या बोलताना ‘पंचवीस, म्हणजे दोन दशक पाच’ अशी जोड दिली तरी मोठा फरक पडतो.

वजाबाकीतील एक चूक या गठ्ठ्यांनी कशी सुटते, ते सविस्तर पाहण्यासारखे आहे. ३२ वजा १५ हे गणित मुलाने २३ असे सोडवले. त्याला ‘चूक’ म्हणण्याआधी ‘कसे केलेस?’ असे विचारले की ते सांगते, ‘पाचातून दोन गेले, तीन. तिनातून एक गेला, दोन.’ म्हणजे मोठ्या अंकातून लहान अंक काढायचा असतो हा नियम ते प्रामाणिकपणे पाळत आहे. आता तीन गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या त्याच्यासमोर ठेवाव्यात आणि म्हणावे, ‘मला यातल्या पंधरा काड्या दे.’ एक गठ्ठा ते सहज देते. मग पाच सुट्या काड्या द्यायच्या असतात आणि जवळ दोनच असतात. येथे आपण काहीही बोलू नये. मूल काड्यांकडे पाहते, गठ्ठ्याकडे पाहते आणि बहुतेक वेळा स्वतःच विचारते, ‘हा सोडू का?’ रबरबँड सुटले, बारा सुट्या काड्या झाल्या, त्यातील पाच दिल्या, एक गठ्ठा आणि सात काड्या उरल्या. वहीत दशकातून एक उसना घेण्याची जी खूण शिकवतात, तिचा अर्थ त्या सुटलेल्या गठ्ठ्यात आहे. असे चार-पाच वेळा हाताने झाल्यानंतरच तीच कृती कागदावर लिहायला घ्यावी, आणि लिहिताना काड्या शेजारीच असू द्याव्यात.

मोजमापासाठी एक टेबल पुरते. ते किती विती लांब आहे याचा अंदाज आधी मुलाने सांगावा, मग मोजावे. नंतर तेच टेबल मोठ्या माणसाने मोजावे. दोघांच्या विती वेगळ्या भरतात. टेबल तर एकच आहे, मग असे का झाले? या प्रश्नातून मापाचे एकक सर्वांसाठी सारखे का असावे लागते, ते मुलाला उमगते, आणि मग पट्टी हाती देण्याला अर्थ येतो. पट्टी वापरताना बरीच मुले शून्याऐवजी एकपासून किंवा पट्टीच्या कडेपासून मोजू लागतात. तेवढे पाहून घ्यावे. घड्याळ शिकवताना काही दिवस केवळ तास काट्याकडे लक्ष द्यावे, कारण साडेतीन वाजता तो तीन आणि चार यांच्या मध्ये असतो, हे मुलांना सांगूनही पटत नाही, पाहिल्यावर पटते.

पाणी, बर्फ, बी आणि सावली

एकसारखे दोन पेले घेऊन दोन्हींत सारखे पाणी भरावे आणि पाणी सारखेच आहे याची मुलाकडून खात्री करून घ्यावी. मग त्याच्या डोळ्यांदेखत एका पेल्यातील पाणी उंच, अरुंद भांड्यात ओतावे आणि आता कोठे जास्त पाणी आहे, असे विचारावे. स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे (१८९६–१९८०) यांनी प्रसिद्ध केलेली ही चाचणी आहे. साधारण सात वर्षांपर्यंतची अनेक मुले उंच भांड्याकडे बोट दाखवतात, कारण त्यांचे लक्ष एकट्या उंचीवर खिळलेले असते. येथे मुलाला पटवून देण्याचा आटापिटा करू नये. ‘परत पहिल्या पेल्यात ओतले तर पाणी कोठपर्यंत येईल?’ असे विचारून ओतून पाहावे आणि विषय तेथेच सोडावा. काही महिन्यांनी तेच मूल ‘त्यात काय, पाणी तेवढेच आहे’ असे म्हणते. तोवर वेगवेगळ्या भांड्यांतून पाणी ओतण्याचा खेळ त्याला मनमुराद खेळू द्यावा.

बर्फाचा प्रयोग मोठ्यांनाही विचारात पाडतो. सारखे दोन खडे दोन ताटल्यांत ठेवावेत, एक उघडा आणि एक लोकरीच्या कापडात गुंडाळलेला. आधी कोणता वितळेल? लोकर ऊब देते, म्हणून गुंडाळलेला खडा लवकर वितळेल, असे मुले जवळजवळ ठामपणे सांगतात. प्रत्यक्षात उघडा खडा आधी वितळतो, कारण लोकर स्वतः उष्णता तयार करत नाही. ती उष्णतेची ये-जा मंदावते, आणि येथे बाहेरची ऊब बर्फापर्यंत पोहोचू देत नाही. अंदाज इतका स्पष्टपणे चुकल्यावर मुलाच्या चेहऱ्यावर जे कुतूहल उमटते, त्याच क्षणी स्पष्टीकरण द्यावे. त्याआधी दिलेले स्पष्टीकरण वाया जाते.

बी रुजवताना एकाऐवजी तीन वाट्या घ्याव्यात : एकीत ओल्या कापसावर कडधान्याचे दाणे, दुसरीत कोरड्या कापसावर, आणि तिसरीत ओल्या कापसावर परंतु बंद कपाटात. रोज त्याच वेळी मुलाने काय दिसते ते चित्र काढून आणि एक वाक्य लिहून नोंदवावे. अंधारातील रोपे उंच वाढतात, पण फिकट आणि लुळी असतात, हे पाहून ‘उंच म्हणजे निरोगी’ या समजुतीला पहिला धक्का बसतो. उन्हाच्या दिवशी अंगणात किंवा गच्चीत एक काठी उभी रोवून तिच्या सावलीच्या टोकावर सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी खडूने खूण करणे ही याच जातीची कृती आहे. पुढची खूण कोठे येईल, ते मुलाने आधी दाखवावे. सूर्याकडे थेट पाहू नये, हे सुरुवातीलाच सांगावे.

पडद्यावरील शैक्षणिक खेळांविषयी माझे मत असे आहे की ते सरावाला चालतात, शिकायला फारसे नाहीत. तेथे उत्तर दाबताच बरोबर की चूक ते समजते, पण ‘कसे केलेस?’ असे विचारणारे कोणी नसते. वापरायचेच असतील तर मुलाच्या शेजारी बसून वापरावेत.

मूल अडते तेव्हा

कृती जमत नसेल तर ती सोपी करावी, मूल बदलण्याच्या मागे लागू नये. संख्या लहान करावी, पट्ट्या कमी कराव्यात, पहिली पायरी आपण करून दाखवावी आणि दुसरी मुलाकडे द्यावी. रडू फुटण्याची चिन्हे दिसली की त्या दिवसापुरते थांबावे. भावंडांची किंवा शेजारच्या मुलांची तुलना करू नये. आज जे जमले त्याची तुलना याच मुलाच्या गेल्या महिन्याशी करावी, आणि त्यासाठी जुन्या नोंदी, चित्रे, पत्रे तारीख घालून जपून ठेवावीत. शाबासकी देताना ‘हुशार आहेस’ असे म्हणण्यापेक्षा ‘गठ्ठा सोडायचे तुला सुचले’, ‘अडलेला शब्द तू पुन्हा वाचलास’ असे नेमके सांगावे, म्हणजे पुढच्या वेळी काय करायचे ते मुलाला कळते.

अक्षरे किंवा अंक उलटे काढणे सहा-सात वर्षांच्या मुलांत सर्रास आढळते आणि बहुतेकांत ते सरावाने जाते. मात्र आठ वर्षांनंतरही अक्षरांची अदलाबदल कायम राहिली, नियमित सराव असूनही साधे शब्द दरवेळी नव्याने फोडावे लागत असले, बोललेले वारंवार पुन्हा सांगावे लागत असले किंवा मूल पुस्तक अगदी डोळ्यांजवळ धरत असले, तर घरी आणखी सराव वाढवण्याआधी नेत्रतपासणी आणि श्रवणतपासणी करून घ्यावी. वर्गशिक्षकांना भेटताना घरी जपलेल्या तारीखवार वह्या सोबत न्याव्यात. अडचण केव्हापासून आहे आणि कोठे येते, हे त्यांना त्यातून दिसते आणि पुढे कोणाचा सल्ला घ्यावा ते ठरवणे सोपे होते.